मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर घेताना आधी पॅकेज आणि परवाना बघा

डेबियन या लिनक्सच्या नव्या मशीनवर एसएनएमपीची, म्हणजे नेटवर्कच्या उपकरणांना त्यांची स्थिती विचारायच्या पद्धतीची, साधनं बसवली, त्यातल्या एसएनएमपीवॉक या कमांडने स्विचला पोर्टांची नावं विचारली आणि उत्तर आलं, 'अननोन ऑब्जेक्ट आयडेंटिफायर'. मग कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द, तपासली जाते, फायरवॉलमध्ये एसएनएमपीचा पोर्ट यूडीपी १६१ उघडा आहे का ते पाहिलं जातं, कुणीतरी स्विच रीस्टार्टही करतं. यातलं काहीच बिघडलेलं नसतं. तीच विचारणा नावाऐवजी १.३.६.१.२.१.२.२.१.२ अशी आकड्यांनी केली की सगळ्या पोर्टांची नावं भराभर येतात.

अडचण परवान्याची आहे. नाव आणि आकडा (त्याला ओआयडी म्हणतात) यांची सांगड घालणारा कोश म्हणजे मिब फाइल. पोर्टांची माहिती देणारी आयएफ-मिब ही २००० सालच्या आरएफसी २८६३ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात आहे. त्या काळातल्या आरएफसींचा मजकूर कुणालाही जसाच्या तसा वाटता येतो, पण त्यात बदल करून वाटण्याची मुभा नाही. डेबियनचा नियम असा, की मुख्य भांडारात जे येईल ते बदलता आलं पाहिजे. म्हणून या मिब तिथे नाहीत. २००८च्या नोव्हेंबरपासून आयईटीएफने, म्हणजे ही मानकं काढणाऱ्या संस्थेने, आरएफसीमधल्या कोडच्या भागांना, म्हणजे मिबलाही, बदल करू देणारा बीएसडी परवाना लावला. पण रोज लागणाऱ्या मिब बहुतेक त्याआधीच्या आहेत.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे आणि दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात. पहिली पायरी म्हणजे ॲप्ट या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या यादीत नॉन-फ्री हा विभाग चालू करून 'एसएनएमपी मिब्ज डाउनलोडर' हे पॅकेज बसवणं. डेबियन १२ पासून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' नावाचा वेगळा विभाग आपोआप चालू असतो. तो असला म्हणजे नॉन-फ्री आलं असं नाही, तो शब्द यादीत वेगळा लिहावा लागतो. दुसरी पायरी: ईटीसीमधल्या एसएनएमपीच्या फोल्डरात कॉन्फिगरेशनची फाइल असते. तिच्यात 'मिब्ज' आणि पुढे नुसता विसर्गासारखा कोलन अशी एक ओळ आहे. मिब लोड करू नका, असा तिचा अर्थ. तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाकून ती निकामी करा. ही ओळ तशीच राहिली तर फाइली उतरूनही उत्तर तेच येत राहतं.

रेड हॅट, रॉकी, अल्मा या लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यात नेट-एसएनएमपीच्या पॅकेजसोबत मूळ मिब मिळतात. त्यामुळे रॉकीसाठी लिहिलेल्या पायऱ्या डेबियनवर पहिल्याच कमांडला अडतात आणि 'हे ओपन सोर्स काही धड चालत नाही' असा शेरा बसतो. तो शेरा अन्यायाचा आहे. कारण माहीत असेल तर काम पाच मिनिटांचं आहे.

झॅबिक्स या मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरच्या सध्याच्या अधिकृत टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तयार साच्यांत, ओआयडी आकड्यांतच लिहिलेले असतात, त्यामुळे नुसतं पोलिंग, म्हणजे ठरावीक वेळाने विचारणं, मिबविना चालतं. मिब लागते ती ट्रॅप, म्हणजे उपकरणाने आपणहून पाठवलेली सूचना, घेताना आणि एखाद्या कंपनीच्या यूपीएसचा किंवा ओएलटीचा (फायबर लाइनींच्या मुख्य उपकरणाचा) नवा आयटम, म्हणजे मोजायची बाब, स्वतः बांधताना. लिब्रेएनएमएस हे दुसरं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर आपल्यासोबत मिबचं मोठं फोल्डर घेऊनच येतं. कंपन्यांच्या स्वतःच्या मिबवर त्या-त्या कंपनीचा हक्क असतो. त्या वापरा, पण स्वतःच्या सार्वजनिक गिट रेपोत चढवण्याआधी फाइलीच्या माथ्यावरचा मजकूर वाचा.

आता पॅकेजकडे येऊ. झॅबिक्स डेबियनच्या भांडारातही आहे आणि झॅबिक्सच्या स्वतःच्या रेपोतही, म्हणजे त्यांच्या भांडारातही. डेबियन १२ मध्ये ६.० आहे, १३ मध्ये ७.०. डेबियनच्या पॅकेजच्या आवृत्तीला 'डीएफएसजी' असं शेपूट दिसेल. मूळ स्रोतातलं जे डेबियनच्या नियमात बसत नव्हतं ते काढून टाकलं आहे, अशी ती खूण. सर्व्हरसाठी माझा कौल झॅबिक्सच्या रेपोला आहे. दुरुस्त्या लवकर येतात, आणि दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला ३ वर्षं पूर्ण आणि त्यापुढे २ वर्षं मर्यादित आधार मिळतो. ७.० ही अशी आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. मधल्या आवृत्त्यांचा आधार काही महिन्यांत संपतो. ज्या ऑफिसात हे बघायला एकच माणूस आहे तिथे त्यांच्या वाटेला जाऊ नये.

एजंटचं मात्र उलट. एजंट, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसून सर्व्हरला आकडे देणारा छोटा प्रोग्राम, सर्व्हरपेक्षा जुना चालतो, अगदी १.४ पर्यंतचा. एजंट २ हा नवा प्रकार असेल तर ४.४ पासून पुढचा. सर्व्हरपेक्षा नवा एजंट नको. म्हणून पन्नास मशीनवर वेगळा रेपो जोडत बसण्यापेक्षा त्या त्या डिस्ट्रोत (लिनक्सच्या प्रकारात) मिळणारा एजंट घ्या, आवृत्ती सर्व्हरच्या पुढे नाही एवढं पाहा. प्रॉक्सीला, म्हणजे सर्व्हरच्या वतीने आकडे गोळा करणाऱ्या मधल्या यंत्रणेला, ही सूट नाही. ती सर्व्हरच्याच मुख्य आवृत्तीची ठेवा.

दोन रेपोंची सरमिसळ ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सर्व्हर एकीकडून येतो, वेबचा भाग दुसरीकडून, आणि लॉगिनच्या जागी डेटाबेसची आवृत्ती जुळत नाही असा लाल मजकूर दिसतो. रॉकी आणि अल्मावर एपेल या जादा पॅकेजांच्या रेपोतही झॅबिक्स आहे. म्हणून एपेलच्या रेपो फाइलीत झॅबिक्सची सगळी पॅकेजं वगळणारी ओळ आधी टाका, मग बसवायला घ्या. डेबियनवर 'ॲप्ट पॉलिसी'ने कोणतं पॅकेज कुठून येणार आहे ते डोळ्यांनी बघा. सर्व्हर, वेबचा भाग आणि एसक्यूएल स्क्रिप्टचं पॅकेज ही तिन्ही एकाच ठिकाणची हवीत.

मायएसक्यूएल या डेटाबेसवर स्कीमा, म्हणजे टेबलांचा आराखडा, चढवताना १४१९ क्रमांकाची चूक आली, तर बायनरी लॉगिंग चालू आहे आणि झॅबिक्सच्या युजरला ट्रिगर बनवायची परवानगी नाही, असा अर्थ. 'लॉग बिन ट्रस्ट फंक्शन क्रिएटर्स' हे मूल्य तेवढ्यापुरतं १ करा, स्कीमा चढला की परत ० करा. डेटाबेस बनवतानाच कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आणि कोलेशन त्याचंच 'बिन' ठेवा. आयात चालू असताना पडद्यावर काहीच दिसत नाही. अडकलं असं समजून कंट्रोल-सी दाबलंत, तर अर्धवट टेबलं राहतात आणि डेटाबेस पाडून पुन्हा सुरुवात करावी लागते.

पिंगचा आणखी एक फास आहे. झॅबिक्स पिंगसाठी एफपिंग हा प्रोग्राम वापरतो आणि त्याला रॉ सॉकेटची, म्हणजे नेटवर्कवर थेट पाकिटं पाठवायची, परवानगी लागते. पॅकेजमधून बसवलेल्या एफपिंगला ती मिळते. हक्क छाटलेल्या कंटेनरमध्ये 'नेट-रॉ' हा त्यासाठीचा हक्क नसेल तर सगळी उपकरणं बंद दिसतात. कंटेनर वापरणाऱ्यांनी टॅगमध्ये, म्हणजे आवृत्ती सांगणाऱ्या नावात, नुसतं 'लेटेस्ट' कधीही लिहू नये. नव्या मुख्य आवृत्तीचा सर्व्हर सुरू होताच डेटाबेसचा स्कीमा स्वतःच बदलतो आणि तिथून मागे यायची वाट नाही. बॅकअप असेल तरच वाचता. टॅगमध्ये ७.० असा आकडा लिहा आणि आकडा बदलायच्या आधी डेटाबेसचा डंप घ्या.

पॅकेज बांधणाऱ्याच्या एका निर्णयाने वापर कसा बदलतो, याचं जुनं उदाहरण नॅगिऑस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या एनआरपीईचं. हा ५६६६ पोर्टवर ऐकून दूरच्या मशीनवर तपासणीच्या कमांड चालवणारा प्रोग्राम. त्याला कमांडसोबत पॅरामीटर पाठवायची सोय मूळ स्रोतात आहे, पण ती धोक्याची. डेबियन ८ पासूनच्या पॅकेजमध्ये ती कंपाइल करतानाच बंद केली. कॉन्फिगमध्ये 'डोंट ब्लेम एनआरपीई' हे मूल्य १ केलं तरी काही होत नाही, आणि लोक कॉन्फिगमध्येच चूक शोधत बसतात. डेबियनचा निर्णय मला पटतो. बाहेरून आलेलं पॅरामीटर थेट शेलकडे जाऊ देणं म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. तपासण्यांची मूल्यं त्या त्या मशीनच्या कॉन्फिगमध्येच लिहून ठेवा.

नॅगिऑसच्या घराण्यात नावाचे वादही झाले. १९९९ साली हा प्रकल्प नेटसेंट नावाने सुरू झाला आणि ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २००२ मध्ये नॅगिऑस झाला. २००९ मध्ये त्यातून इसिंगाचा फाटा फुटला. २०१४ च्या जानेवारीत तपासण्या करणारे प्लगइन सांभाळणाऱ्या गटाने नाव बदलून मॉनिटरिंग प्लगइन्स केलं. जीपीएल या खुल्या परवान्याने कोड तुमचा होतो, नाव होत नाही. म्हणूनच आज डेबियनमध्ये पॅकेजचं नाव मॉनिटरिंग-प्लगइन्स आहे आणि फाइली मात्र अजून नॅगिऑसच्याच फोल्डरात बसतात. जुनी स्क्रिप्ट तोडायची नाही म्हणून. नेटवर्कवरची पाकिटं वाचणाऱ्या वायरशार्कचंही तसंच: २००६ पर्यंत तो इथिरिअल होता, मूळ लेखकाने नोकरी बदलली आणि नाव जुन्या मालकाकडे राहिलं.

इसिंगाकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिचा कोड जीपीएलखाली खुला आहे, पण रेड हॅटसाठीच्या तयार पॅकेजांच्या रेपोला पैसे भरून वर्गणी घ्यावी लागते. डेबियन आणि उबंटूसाठी लागत नाही. यात परवान्याचा भंग कुठेच होत नाही. कोड खुला ठेवायचं बंधन असतं, पॅकेज फुकट बांधून द्यायचं नसतं. सर्व्हरवर कोणती डिस्ट्रो टाकायची हे ठरवायच्या आधी इतकं माहीत हवं, नाहीतर बजेट मंजूर झाल्यावर कळतं.

लिब्रेएनएमएस पॅकेजने बसत नाही. गिटने क्लोन करायचं, त्याच नावाचा युजर बनवायचा, पीएचपीच्या लायब्ऱ्या कंपोजर या साधनाने आणायच्या. रोज एक स्क्रिप्ट क्रॉन या वेळापत्रकातून चालते आणि ताजा कोड ओढते. अपडेटची डीफॉल्ट वाहिनी रोजच्या बदलांची असते. ती 'रिलीज' करून ठेवा म्हणजे महिन्याच्या आवृत्त्याच येतील. काही बिनसलं की आधी 'व्हॅलिडेट' ही स्क्रिप्ट त्याच युजरने चालवा, रूटने नाही. रूटने चालवल्यावर फाइलींची मालकी बदलते आणि रात्री अपडेट अडतो. लिब्रेएनएमएस हा प्रकल्प २०१३ मध्ये ऑब्झर्व्हियम या मॉनिटरिंग प्रकल्पाच्या शेवटच्या जीपीएल आवृत्तीतून निघाला, कारण ऑब्झर्व्हियमने परवाना बदलून क्यूपीएल हा वेगळा परवाना घेतला होता. जुन्या आवृत्तीला मिळालेला जीपीएल परत घेता येत नाही, एवढ्याच आधारावर एक पूर्ण प्रकल्प उभा आहे.

हेच झॅबिक्सला लागू. ६.४ पर्यंत जीपीएल २, ७.० पासून एजीपीएल ३. आकड्यांचे ग्राफ दाखवणाऱ्या ग्राफानाने एप्रिल २०२१ मध्ये अपाची परवान्यावरून एजीपीएल घेतला. एजीपीएल हे नाव ऐकलं की वकिलांचा विभाग फाइल अडवतो, म्हणून नेमकं काय बंधन येतं ते स्पष्ट सांगतो. तुम्ही सॉफ्टवेअर न बदलता वापरता, मग ते ऑफिसात असो की ग्राहकांना लॉगिन देऊन असो, तर एजीपीएलच्या १३ व्या कलमाचं कोणतंही ओझं तुमच्यावर नाही. कोड बदललात आणि बदललेली यंत्रणा नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलीत, तर त्या लोकांना बदललेला स्रोत मागता येतो आणि तुम्हाला तो द्यावा लागतो. केबल इंटरनेट देणाऱ्याने झॅबिक्सचं पीएचपी कापून ग्राहकांचं पोर्टल केलं, तर हे कलम लागतं. त्यानेच वेगळं पोर्टल लिहून एपीआयमधून, म्हणजे झॅबिक्सने दुसऱ्या प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या दारातून, आकडे घेतले, तर झॅबिक्सच्या कोडला हात लागलेला नसतो. हा दुसरा रस्ताच घ्या. परवान्यासाठीही आणि अपग्रेडसाठीही, कारण कापलेलं पीएचपी पुढच्या आवृत्तीत पुन्हा कापावं लागतं. फक्त लोगो बदलायचा असेल तर झॅबिक्सने त्यासाठी ब्रँडची वेगळी सेटिंग फाइल दिलेली आहे.

तयार व्हर्च्युअल मशीन बनवून ग्राहकाला देणाऱ्या कंत्राटदारांचं प्रकरण वेगळं आहे. ते वितरण झालं. तिथे जीपीएल असो वा एजीपीएल, परवान्याची प्रत आणि स्रोत मिळण्याची सोय सोबत द्यावीच लागते.

ज्यांचा गाभा खुला आणि वरचे मजले विकत आहेत, त्यांची यादी करताना सावध असा. नेटवर्कवरची वाहतूक दाखवणाऱ्या एनटॉपएनजीची कम्युनिटी आवृत्ती जीपीएल ३ आहे, पण त्याच्या जोडीचं एनप्रोब बंद आणि विकतचं. शैक्षणिक संस्थांना त्याचे निर्माते परवाने विनामूल्य देतात, म्हणून कॉलेजांनी आधी विचारून घ्यावं. विंडोजवर नेटवर्कची पाकिटं पकडणाऱ्या एनपीकॅपची मोफत मुभा ५ मशीनपुरती आहे. नुसत्या वायरशार्क किंवा नेटवर्क तपासणाऱ्या एनमॅपसाठी वापरलं तर ही मर्यादा लागत नाही. झॅबिक्सचे आकडे साठवता येतात त्या टाइमस्केलडीबी या डेटाबेसच्या अपाची परवान्याच्या आवृत्तीत डेटा दाबून साठवायची सोय नाही, ती कम्युनिटी आवृत्तीतच आहे. झॅबिक्समध्ये कॉम्प्रेशन चालू होत नाही अशी तक्रार असेल तर आधी हे पॅकेज कोणतं ते बघा.

आता जागेचा हिशेब, कारण सहा महिन्यांनी यंत्रणा बंद पडते ती बहुधा भरलेल्या डिस्कमुळे. ४० स्विच, प्रत्येकी २४ पोर्ट, पोर्टमागे ९ आयटम धरले तर ८,६४० आयटम होतात. सगळे ३ मिनिटांनी घेतले तर सेकंदाला ४८ मूल्यं. एका मूल्याला साधारण ९० बाइट धरा. ३० दिवसांचा इतिहास सुमारे ११ जीबी. तासाच्या सरासऱ्या, ज्यांना झॅबिक्स ट्रेंड म्हणतो, त्या वर्षाला ७ जीबीच्या आत राहतात. म्हणून इतिहास ३० दिवस आणि ट्रेंड वर्षभर ही वाटणी चांगली. पोर्टचा प्रकार, वेग असले क्वचित बदलणारे आयटम तासाने घ्या. लिब्रेएनएमएस ग्राफांसाठी आरआरडी प्रकारच्या फाइली वापरतं. तिथे फाइल बनतानाच तिचा आकार ठरतो आणि ती वाढत नाही, पण जुने आकडे बारकाईने मिळत नाहीत.

पोर्टवरून गेलेली वाहतूक मोजणारे काउंटर मात्र ६४ बिटांचेच घ्या. ३२ बिटांचा ऑक्टेट (म्हणजे बाइट) काउंटर १ गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर सुमारे ३४ सेकंदांत पूर्ण फिरून शून्यावर येतो, १०० मेगाबिटवर पावणेसहा मिनिटांत. ३ मिनिटांच्या पोलिंगमध्ये गिगाबिट अपलिंकचा काउंटर पाच वेळा फिरलेला असेल आणि ग्राफ शांतपणे खोटं सांगत राहील. ६४ बिटांचा काउंटर एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही. निदान २सी हवी. शक्य तिथे तिसरी आवृत्ती, ओळख आणि गुप्तता दोन्ही चालू ठेवून. 'पब्लिक' ही कम्युनिटी ठेवू नका, आणि स्विचवर फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या पत्त्याला परवानगी द्या.

सरकारी कार्यालयांसाठी एक आधार हाताशी ठेवा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण काढलं. निविदेत ओपन सोर्सचा विचार प्राधान्याने व्हावा आणि तो वगळला तर कारण द्यावं, असं त्यात आहे. जी राज्यं ते स्वीकारतील त्यांनाही ते लागू होतं. पण निविदेत 'ओपन सोर्स मॉनिटरिंग' एवढंच लिहून भागत नाही. परवान्याचं नाव, पॅकेज कोणत्या रेपोतून येणार, अपग्रेड किती वेळा, आणि बॅकअप परत चढवून दाखवायची अट, हे चारही लिहा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली आणि लॉग १८० दिवस ठेवलेले लागतात. मॉनिटरिंग सर्व्हर आणि स्विच दोन्ही एकाच एनटीपीवर, म्हणजे वेळ देणाऱ्या सर्व्हरवर, नसतील तर घटनेचा क्रमच लागत नाही.

सुरुवात एका कोअर स्विचने, म्हणजे जाळ्याच्या मुख्य स्विचने, आणि त्याला जोडलेल्या अपलिंकांनी करा. पहिल्याच दिवशी सगळं जाळं शोधमोहिमेत टाकलं की संध्याकाळी लोक संगणक बंद करून घरी जातात आणि प्रत्येक पोर्टमागे 'लिंक डाउन' येतो. आठवड्याभरात सगळे तो मेल न वाचता पुसायला लागतात. त्यानंतर खरा अलर्टही तसाच पुसला जातो. झॅबिक्सच्या टेम्प्लेटमध्ये यासाठी 'इफकंट्रोल' नावाचा मॅक्रो, म्हणजे बदलता येणारं मूल्य, आहे. टेबलाकडे जाणाऱ्या पोर्टांसाठी तो ० करा, अपलिंकांसाठी १ राहू द्या. एका चुकलेल्या पिंगवर अलर्ट नको, सलग तीन चुकल्यावर द्या. आणि झॅबिक्सच्या ट्रिगरचं, म्हणजे अलर्टच्या अटीचं, परावलंबन बांधा: मजल्यावरचा स्विच कोअरवर अवलंबून, ॲक्सेस पॉइंट मजल्यावरच्या स्विचवर. वीज जाऊन कोअर पडला तर मग चाळीस नाही, एकच मेल येतो, आणि त्यात कोअरचं नाव असतं.